सत्तावीस पायऱ्या आणि एक चेडू

केतकी राऊळ कुठल्या गावात राहते, हे तिने इंटरनेटवर कुणालाही सांगितलं नव्हतं. नाव नाही, शाळा नाही, स्वतःचा फोटो नाही. आईने घालून दिलेले तिन्ही नियम तिने अगदी काटेकोर पाळले होते. आणि तरीही मंगळवारी दुपारी शाळेतून येऊन तिने पाटी उघडली, तर तिच्यासाठी हा निरोप येऊन पडला होता:

"शुक्रवारी तुमच्या खारवणच्या जत्रेत भेटू या! मी खाज्याच्या दुकानापाशी निळी छत्री घेऊन उभी असेन. एकटीच ये. आईला सांगू नकोस हं, मोठ्यांना आपल्या ॲनिमेतलं काही कळत नाही. मीपण तुझ्यासारखीच चेडवा आहे, मला माहीत आहे घरचे कसे असतात ते. तुझी सोराकाझे."

केतकीने तो तीनदा वाचला. मग पाटी गुंडाळली, उशीखाली कोंबली आणि त्या उशीवर स्वतः बसली. (पाटी म्हणजे जुन्या काळची दगडी नव्हे बरं का! केतकीच्या काळातली पाटी कागदासारखी पातळ असायची. गुंडाळली की कंपासपेटीत मावायची.)

खारवण! गावाचं नाव या सोराकाझेला कळलं कसं? कुणी सांगितलं? केतकीने तर नाहीच नाही.

आता ही सोराकाझे कोण, ते आधी सांगायला हवं. केतकीला ॲनिमेचं (जपानी पद्धतीच्या कार्टून मालिकांचं) विलक्षण वेड होतं. त्यातही 'कागदी पाखरांचं शहर' ही मालिका म्हणजे जीव की प्राण. ती मालिका आवडणाऱ्या मराठी मुलांचा इंटरनेटवर एक गट होता. अशा चाहत्यांच्या गोतावळ्याला फॅन्डम म्हणतात. तिथे मुलं चित्रं काढायची, नव्या गोष्टी रचायची, भांडायची, पुन्हा गट्टी करायची. केतकीने तिथे 'कागदपाखरू' असं नाव घेतलं होतं आणि तिची चित्रकथा सगळ्यांना भलती आवडत होती. तिच्या चित्रकथेतली म्हातारी पाखरीण नायिकेला सारखी दटावायची, "गो चेडवा, पंख मिट!" गोंदियापासून नाशिकपर्यंतची पोरं एकमेकांना 'गो चेडवा' करायला लागली होती. पुढच्या महिन्यात गटाचा पहिला चित्रअंक निघणार होता आणि त्याचं मुखपृष्ठ केतकीचं होतं. सोराकाझे ही त्याच गटातली. वय तेरा, असं ती सांगायची. केतकीच्या प्रत्येक चित्राचं ती तोंड भरून कौतुक करायची.

आणि केतकीची आई? सुनेत्रा राऊळ म्हणजे खारवणच्या खाडीतल्या विजेच्या बोटीची तांडेल (म्हणजे कप्तान). चाळीस माणसं घेऊन ती दिवसातून बारा खेपा करायची, आणि तिच्या बोटीत उगाच उभं राहायची कुणाची छाती नव्हती. तिला ॲनिमे म्हणजे 'ती बशीएवढ्या डोळ्यांची भुतं' वाटायची. "एक दिवस सगळं बंद करून टाकीन बघ," हे वाक्य केतकीने इतक्यांदा ऐकलं होतं की तिला ते स्वप्नातसुद्धा ऐकू यायचं.

म्हणजे बघा, पंचाईत कशी झाली ती. आईला सांगावं, तर गट गेला, अंक गेला, मुखपृष्ठ गेलं. न सांगावं, तर शुक्रवार येणारच होता.

शेवटी ती मागच्या पडवीत आबांकडे गेली. आबा म्हणजे तिचे आजोबा, विश्राम राऊळ. उभा जन्म त्यांनी समुद्री कासवांच्या संशोधनात घालवला होता. आता निवृत्त झाले होते, पण स्वस्थ बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी घरच्या घरी एक यंत्रमानव बनवला होता. ढब्बू मिरचीसारखा बसका आणि हिरवागार, म्हणून त्याचं नाव ढब्बू.

"आबा, माझ्या एका मैत्रिणीला ना..." केतकीने सुरुवात केली, "तिने कुणाला काहीच सांगितलेलं नाही, तरी एकाला तिचं गाव कळलं. असं होऊ शकतं?"

आबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मैत्रिणीच्या नावाने विचारलेले प्रश्न कुणाचे असतात, हे जगातल्या सगळ्या आजोबांना ठाऊक असतं. त्यांनी फळीवरचा डबा काढला आणि जमिनीवर चिंचोके ओतले.

"मोज रे ढब्बू."

"एकशे अठ्ठावीस," ढब्बू म्हणाला. "एक किडका आहे."

"असू दे. केतकी, यातला एक चिंचोका मी मनात धरलाय. तू मला फक्त असे प्रश्न विचार की मला 'हो' किंवा 'नाही' एवढंच म्हणता येईल. किती प्रश्नांत सापडेल?"

"अगोबाई! शंभरेक तरी लागतील."

"एकेक चिंचोका उचलून विचारलंस तर लागतील. पण निम्मे करून बघ."

केतकीने चौसष्ट-चौसष्टचे दोन ढीग केले. "या ढिगात आहे?" "नाही." तो ढीग तिने बाजूला सारला. उरलेल्याचे दोन केले, बत्तीस-बत्तीस. मग सोळा. मग आठ, चार, दोन... आणि सातव्या प्रश्नाला तिच्या तळहातावर एकच चिंचोका उरला. नेमका तो किडका!

"सात? फक्त सात?"

"आता दुप्पट चिंचोके घेतले तर?"

केतकीने मनात हिशोब केला. "आठ! दुप्पट झाले तरी एकच प्रश्न वाढला!"

"हां! त्यातच गंमत आहे, आणि त्यातच गोम आहे. हो किंवा नाही, एवढंच सांगणारा माहितीचा जो सगळ्यात बारका तुकडा असतो, त्याला शास्त्रज्ञ बिट म्हणतात. एक बिट मिळाला की ढीग निम्मा होतो. आपण त्याला पायरी म्हणू. विहिरीत उतरल्यासारखं एकेक पायरी खाली. आपल्या महाराष्ट्रात सुमारे तेरा कोटी माणसं धरली, तर त्यातलं एक माणूस गाठायला किती पायऱ्या उतराव्या लागतील?"

ढब्बू क्षणभरच गुरगुरला. "सत्तावीस."

"जितकी नक्षत्रं, तितक्याच पायऱ्या," आबा म्हणाले. "मी एवढ्या समुद्रात एक कासव याच रीतीने शोधायचो. एक कोळी म्हणायचा, कवचावर चीर होती. दुसरा म्हणायचा, वाऱ्याच्या दिशेने गेलं. तिसऱ्याला ते खडकापाशी दिसलेलं असायचं. पत्ता कुणीच द्यायचा नाही. पण तिघांचं जुळवलं की कासव सापडायचं."

मग आबांनी हळूच विचारलं, "तुझ्या मैत्रिणीने गटात सगळ्यांसमोर जे लिहिलंय, ते ढब्बूला वाचू देऊ? तिची परवानगी असेल तरच हं."

केतकीने मान हलवली. पाटी उशीखालून पडवीत आली. ढब्बूने ती आपल्या पोटातल्या खाचेत सरकवली आणि पडवीच्या पार टोकाला जाऊन उभा राहिला.

"सत्तावीस पायऱ्या बाकी," तो म्हणाला. "कागदपाखरू लिहिते: यंदा सातवीत गेले, गणित डोक्यावरून जातं. सातवीतली मुलं अदमासे चौसष्टात एक. सहा पायऱ्या उतरलो. ती 'गेले', 'आले' असं लिहिते, म्हणजे मुलगी. एक पायरी. वीस बाकी." आणि तो सात पावलं पुढे आला.

"ही फुटकळ माहिती झाली," केतकी म्हणाली. "कुणीही सांगतं."

"चित्रकथेत शब्द आहे, चेडवा. मालवणीत मुलीला चेडू म्हणतात, हाक मारताना चेडवा. हा शब्द सिंधुदुर्गात आणि तिथून मुंबईला गेलेल्या घरांत. अदमासे सात पायऱ्या. तेरा बाकी."

केतकीने तोंडावर हात ठेवला. एका शब्दाने सात पायऱ्या! आणि तो शब्द तर तिने किती लाडाने लिहिला होता.

"गेल्या आठवड्यात लिहिलंय: पुढच्या शुक्रवारी शाळेला सुट्टी, आमच्याकडे जत्रा, खाजं खाणार. इथे प्रत्येक गावच्या जत्रेची तिथी वेगळी. त्या शुक्रवारी जत्रा असलेली गावं थोडीच. सात पायऱ्या. सहा बाकी." ढब्बू आता चार हातांवर आला होता.

"सहा बाकी आहेत ना पण!" केतकी जवळजवळ ओरडलीच. "म्हणजे नाही सापडली!"

"अजून एक आहे. मागच्या महिन्यात कुणीतरी विचारलं होतं, तुमचा आवडता वीर कोण? बाकीच्यांनी ॲनिमेतली नावं लिहिली. कागदपाखरूने लिहिलंय: माझी आई. ती बोटीची तांडेल आहे. वादळात बोट उलटी फिरवून तिने चाळीस माणसं काठाला आणली. कुणाची आहे का अशी आई?"

ढब्बू उरलेली सहा पावलं चालून आला आणि केतकीच्या पायांना टेकून थांबला.

"बाकी शून्य," तो म्हणाला.

केतकीला रडूच कोसळलं. आबांनी तिला जवळ घेतलं. तिने हुंदके देत सगळं सांगितलं, निरोप दाखवला. तो वाचताना आबांचा चेहरा दगडासारखा झाला.

"माझंच चुकलं," केतकी म्हणाली.

"अजिबात नाही. माहिती कणाकणाने सांडते, हे मोठमोठ्या माणसांच्या लक्षात येत नाही. चूक त्याची, ज्याने ते कण वेचले आणि वर 'आईला सांगू नकोस' म्हणाला. जो माणूस मुलाला घरच्यांपासून लपवायला सांगतो, त्याच्यापासून चार हात लांब राहायचं, मग तो कितीही गोड बोलो. आता आईला सांगायचं."

"तुम्ही सांगा ना!"

"नाही. तू सांगायचंस. मी शेजारी बसतो."

साडेचारची खेप संपवून आई आली. हातपाय धुऊन चहाला बसली, तेव्हा केतकीने एका दमात सगळं बोलून टाकलं. आणि मग जे व्हायचं तेच झालं. आईचा आवाज अख्ख्या वाडीने ऐकला असेल. "मी सांगत होते ना! शंभरदा सांगत होते! बंद! आत्ताच्या आत्ता सगळं बंद! तो गट बंद, ती भुतं बंद!" तिने पाटी हिसकावून घेतली. केतकी खाली मान घालून उभी राहिली. तिला हे सगळं आधीच पाठ होतं.

"सुनेत्रा," आबा शांतपणे म्हणाले, "बंद करायचं तर कर. पण आधी वाच तरी."

आई धुसफुसत वाचायला लागली. ढब्बूने सगळ्या खुणा ओळीने लावून ठेवल्या होत्या. सातवी. जत्रा. खाजं. आणि मग ती एका ठिकाणी थांबली. थांबली ती थांबलीच. चहा निवला तरी तिची नजर हलेना.

"हे तू लिहिलंस?" तिने विचारलं. "वीर?"

केतकी पुटपुटली, "मग काय खोटं आहे का?"

आईने डोळे पुसले, नाकसुद्धा पुसलं, आणि केतकीला ओढून आपल्याशेजारी बसवलं. एवढी जवळ, की केतकीला तिच्या साडीला येणारा खाऱ्या वाऱ्याचा वास आला. "दाखव तो मेल्याचा निरोप," ती म्हणाली.

ती मोठ्याने वाचू लागली. "...मोठ्यांना काही कळत नाही... मीपण तुझ्यासारखीच चेडवा आहे..." आणि वाचता वाचता तिला खड्यासारखं काहीतरी लागलं. "काय? चेडवा आहे? असं कोण म्हणतं गो?"

केतकी चमकली. दहादा तरी वाचलं असेल तिने ते!

"हाक मारताना चेडवा," आई म्हणाली. "गो चेडवा, इकडे ये. पण एरवी ते चेडू! मी चेडू आहे, तू चेडू आहेस. इथलं रांगतं पोरसुद्धा चुकायचं नाही. ही कसली आलीय आपल्यातली? हिने तुझ्या चित्रकथेतून शब्द उचललाय. तिथे फक्त हाक आहे, म्हणून हिला वाटलं शब्दच तसा आहे."

"वा!" आबांनी मांडीवर थाप मारली. "पायऱ्या दोन्ही बाजूंनी असतात बघ, केतकी. ज्या शब्दाने तुला शोधलं, त्यानेच त्यालाही उघडं पाडलं. आणि सापडला कुणाला? ज्यांना काही कळत नाही, त्यांना!"

त्या दिवशी राऊळांच्या घरात प्रथमच असं घडलं की केतकी, आई आणि आबा एकाच पाटीवर डोकी घालून बसले होते. उलट उत्तर पाठवायचं नाही, असं आबा म्हणाले. निरोप पुसायचाही नाही, तो पुरावा आहे. त्याची नक्कल काढून ठेवली. मग सोराकाझेची वाट बंद केली, गट सांभाळणाऱ्या ताईला कळवलं, आणि आईने स्वतः सायबर पोलिसांना (इंटरनेटवरचे गुन्हे शोधणाऱ्या पोलिसांना) फोन लावला. फोनवर ती अशी बोलत होती की पलीकडचा माणूसही बहुधा ताठ बसला असावा.

"आणि पाटी?" शेवटी केतकीने भीत भीत विचारलं.

आईने खिडकीतून खाडीकडे पाहिलं. "तुला पोहायला शिकवलं, तेव्हा तुझे बाबा म्हणाले होते, खोल पाण्याकडे पाठवूच नको. मी म्हटलं, खाडीच्या काठी राहायचं नि पोहायचं नाही? मग मी स्वतः गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहिले, महिनाभर. या पाण्यात मात्र मी उतरलेच नाही. काठावरून नुसती ओरडत राहिले." ती केतकीकडे वळली. "लाव ते तुझं पाखरांचं शहर. पहिल्या भागापासून. आणि मला कळलं नाही तर हसायचं नाही."

केतकी हसलीच. आईने पहिल्याच भागात सतरा प्रश्न विचारले. हिचे केस निळे का? हिची आई कुठे असते? ही जेवते कधी? दोन भाग झाल्यावर मात्र ती प्रश्न विचारायची थांबली आणि पदराचं टोक चावत बघू लागली.

केतकीच्या मनात एक गोष्ट मात्र सलत होती. "आबा, आता मी मालवणी लिहायचंच नाही का? चेडवा काढून टाकू?"

"मुळीच नाही! आपली बोली लपवायची कशाला? पायऱ्या मोजायला शीक, म्हणजे झालं. शब्द ठेव, पण तारीख झाक. जत्रेचं जत्रा झाल्यावर लिही, आठवड्याने, महिन्याने. दोन जड खुणा एकत्र येऊ द्यायच्या नाहीत. आणि काही टाकण्याआधी एकदा ढब्बूला विचार, किती पायऱ्या उरल्या म्हणून."

"वीसच्या खाली गेलात तर मी शिट्टी वाजवीन," ढब्बू म्हणाला. गेली दोन वर्षं त्याला शिट्टी वाजवायला काहीतरी कारण हवंच होतं.

भरती-ओहोटीच्या जुन्या वेळापत्रकाच्या पाठीवर घरचे नवे नियम लिहिले गेले. आईचा एक: नवीन मालिका आधी दोघींनी मिळून बघायची, मोठ्यांसाठी असेल तर ती मोठं झाल्यावर. केतकीचाही एक होता, आणि तो तिने ठणकावून लिहायला लावला: सांगितल्यावर पाटी काढून घ्यायची नाही.

"ओरडायचं नाही, असंही लिही," आबांनी सुचवलं.

"ते मला जमायचं नाही," आई म्हणाली. मग ते लिहिलं नाही.

शुक्रवारी सगळे मिळून जत्रेला गेले. बाबाही गोव्याहून रजा घेऊन आले होते. खाज्याच्या दुकानापाशी निळी छत्री नव्हती, पण साध्या कपड्यांतले दोन पोलीस खाजं खात उभे होते. पुढे महिनाभराने पोलिसांनी कळवलं, सोराकाझे नावामागे एक मोठा माणूस होता, आणि त्याने आणखी नऊ मुलांना तसेच निरोप पाठवले होते. प्रत्येकाला तो म्हणायचा, मीही तुझ्याच गावाकडची. आता त्याच्या नावावर गुन्हा नोंदला गेला होता. त्या नवांपैकी एकानेही घरी सांगितलं नव्हतं.

ते ऐकून केतकीने चित्रअंकासाठी चार पानांची नवी चित्रकथा काढली. नाव, 'सत्तावीस पायऱ्या'. त्यात पाखरीण चिंचोके मांडून पिल्लांना हिशोब शिकवते. तपासून झाल्यावर ढब्बूने सांगितलं, "एकवीस बाकी," आणि तो थोडा हिरमुसला.

अंक निघाला त्या रविवारी सकाळी केतकी आणि आई अकरावा भाग बघत होत्या. तेवढ्यात पाटीच्या कोपऱ्यात एक निरोप उमटला. गटातलं कुणीतरी लहान असावं.

"पाखरूताई, तुझी गोष्ट वाचली. मलापण एकजण सारखा फोटो मागतो आणि घरी सांगू नको म्हणतो. मी आईला सांगितलं तर आई ओरडेल का गं?"

केतकीची बोटं पाटीवर थबकली. खोटं कसं लिहायचं? तिने शेजारी पाहिलं. "आई, ओरडेल का?"

आईने निरोप वाचला. तिने अकरावा भाग थांबवला आणि केतकीच्या खांद्यावर हात ठेवला.

"ओरडेल," ती म्हणाली. "आणि मग जवळ येऊन बसेल."

केतकीने जसंच्या तसं तेच लिहिलं आणि खाली एक ओळ घातली: "आत्ताच जा. मी इथेच आहे."